मज्जाविज्ञान संशोधनातील सामायिक तंत्रसाहाय्य व प्रशिक्षण : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मेंदू व मज्जासंस्थेच्या संशोधनाचा इतिहास बहुधा शास्त्रज्ञांच्या नावांनी सांगितला जातो. परंतु मेंदूचे पातळ छेद घेणारे क्रायोस्टॅट, ते चालू ठेवणारा तंत्रज्ञ आणि त्या तंत्रज्ञाला शिकविणारे केंद्र यांनाही स्वतंत्र इतिहास आहे. प्रस्तुत निबंधात तो यवतमाळ जिल्ह्याच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. हाच जिल्हा का, याचे उत्तर 2017 च्या खरीप हंगामात आहे. त्याचा विचार पुढे येईल.

भारत सरकारचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग 1971 मध्ये स्थापन झाला. परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या काळात प्रत्येक विद्यापीठाने महागडी उपकरणे आयात करणे अशक्यप्राय होते. म्हणून विभागाने सत्तरच्या दशकाच्या मध्यास प्रादेशिक अत्याधुनिक उपकरण केंद्रांची योजना आखली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत असे केंद्र 1976 मध्ये आले. विदर्भाच्या वाट्याला नागपूर विद्यापीठातील केंद्र आले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची सामायिक सुविधा उभी राहिली. विद्यापीठ अनुदान आयोगाचा मार्ग याहून वेगळा होता. आयोगाच्या साहाय्याने विद्यापीठांत उपकरणांची देखभाल व दुरुस्ती करणारी केंद्रे निघाली, आणि मुंबई विद्यापीठातील पश्चिम विभागीय उपकरण केंद्राने तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचे कार्य अंगावर घेतले. संशोधनाच्या इतिहासात या कार्यशाळांची नोंद क्वचितच होते, ही खेदाची बाब होय.

1 मे 1983 रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले व यवतमाळ जिल्हा नागपूर विद्यापीठातून त्याच्या कक्षेत गेला. उपकरण केंद्र अर्थातच नागपुरात राहिले. ते शुल्क घेऊन बाहेरच्या संशोधकांनाही सेवा देत असल्याने कागदोपत्री यवतमाळचे काही बिघडले नाही. रसायनशास्त्राच्या संशोधकाचे तर खरोखरच बिघडले नाही. संयुगाची पूड कुपीत भरून सुमारे दीडशे किलोमीटरवर पाठविली की वर्णपटाचा आलेख परत येई.

मज्जाविज्ञानाचे तसे नाही. मेंदूची ऊती मृत्यूनंतर काही मिनिटांतच बदलू लागते. प्राण्याच्या रक्तवाहिन्यांतून स्थिरीकरणाचे द्रावण सोडून ती जागेवरच स्थिर करावी लागते, किंवा तत्काळ गोठवून त्याच थंडाव्यात पुढे न्यावी लागते. प्रतिपिंडाने रंगविलेल्या छेदात दिसणारा ठिपका मज्जापेशी आहे की रंगाचा डाग, हे शेजारी बसून शिकविणारा कोणीतरी लागतो. म्हणजेच या विषयात सामायिक साहाय्याचा खरा अर्थ सामायिक यंत्र असा नसून सामायिक हातोटी असा आहे. नागपूर विद्यापीठात निशिकांत सुभेदार, दादासाहेब कोकरे आदींनी मेंदूतील न्यूरोपेप्टाइडांवर जे काम केले, त्यामागे एका ठिकाणी वर्षानुवर्षे जोपासलेली अशी हातोटी होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

राष्ट्रीय पातळीवर या विषयाची संघटना त्या मानाने उशिरा झाली. भारतीय मज्जाविज्ञान अकादमी 1982 ची. बंगळूरच्या निमहान्समध्ये 1995 मध्ये मानवी मेंदूच्या ऊतींची पेढी सुरू झाली आणि अन्य संस्थांच्या संशोधकांनाही नमुने मिळू लागले. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र 1999 मध्ये स्थापन झाले; देशातील विखुरलेल्या संस्थांना जाळ्यात जोडणे हे त्याच्या उद्दिष्टांतच होते. देशभरातील उपकरणांची माहिती व आरक्षण एकत्र आणणारी ‘आय-स्टेम’ ही व्यवस्था जानेवारी 2020 मध्ये आली.

आता 2017. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली व किमान 20 जण दगावले. वापरलेल्या कीटकनाशकांत प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट द्रव्ये होती. ही द्रव्ये ॲसिटिलकोलिन या मज्जासंदेशवाहकाचे विघटन करणाऱ्या कोलिनेस्टरेज विकराला निकामी करतात. मग संदेश थांबतच नाही, दृष्टी अंधूक होते, श्वास अडतो. लक्षणांवरून ॲट्रोपिनचा उपचार सुरू करता येतो, परंतु बाधा कशाची व किती हे निश्चित करण्यास रक्तातील कोलिनेस्टरेज मोजावे लागते. ही चाचणी रुग्णांना वेळेवर मिळाली नाही, ही बाब त्यानंतर जाहीर चर्चेत आली.

येथे एक विसंगती नोंदविणे अगत्याचे आहे. या मोजणीची एलमन यांची पद्धत 1961 मध्ये प्रसिद्ध झाली. विकराच्या क्रियेतून पिवळा रंग उमटतो आणि 412 नॅनोमीटर तरंगलांबीवर त्याची वाढ मोजली जाते. त्यासाठी लागणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर औषधनिर्माणशास्त्राच्या पदवी महाविद्यालयांत प्रात्यक्षिकांसाठी असतोच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी दिल्ली गाठावी लागली तर ते समजण्यासारखे आहे. येथे तसे काहीच नव्हते. रक्त बर्फावर ठेवणे, तापमान स्थिर राखणे, तांबड्या पेशी व रक्तद्रव यांची मोजणी वेगळी करणे आणि हिमोग्लोबिनचा रंग आकड्यात मिसळू न देणे, एवढे शिकलेला माणूस मात्र हवा होता. शिवाय या विकराचे प्रमाण निरोगी माणसांतही व्यक्तीगणिक बरेच वेगळे असते. एका मोजणीवरून घट झाली की नाही हे सांगणे कठीण जाते. त्याच व्यक्तीची आधीची नोंद हाताशी असावी लागते, आणि ती पहिली फवारणी होण्यापूर्वीच घ्यावी लागते.