मधुमेह आणि ओटीवर राहिलेला कान

घरांतील एखादे वृद्ध गृहस्थ रेडिओचा आवाज वाढवूं लागले, नातवाला तेंच वाक्य पुन्हां बोलावयास लावूं लागले, किंवा पंगतींत बसूनही गप्प राहूं लागले, म्हणजे घरचीं माणसें ‘वय झालें’ असें म्हणून मोकळीं होतात. क्वचित् त्यांस हेकट अथवा बेपर्वाही ठरविलें जातें. परंतु ते गृहस्थ मधुमेही असतील, तर वयाच्या जोडीला दुसरेंही एक कारण असणें संभवनीय आहे. हें कारण वैद्यकाच्या पूर्णपणें ध्यानांत यावयास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. तीं कां लागलीं, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

मधुमेह हा रोग फार जुना. मूत्राला येणारी गोडी आणि तिच्याकडे धांवणाऱ्या मुंग्या यांचा उल्लेख आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत आढळतो. इंग्लंडांत थॉमस विलिस यानें १६७४ सालीं त्याच गोडीची नोंद केली. आणि १७७६ मध्यें मॅथ्यू डॉब्सन यानें ती गोडी साखरेची असून रक्तांतही ती असते, हें दाखवून दिलें. रक्त तर सर्व शरीरभर खेळतें. तेव्हां हा रोग एकट्या मूत्राचा नव्हे, त्याची झळ कोणत्याही इंद्रियाला लागूं शकेल, हें उघड होतें. पण तें प्रत्यक्ष दिसावयास एकोणिसावें शतक निम्में सरावें लागलें.

१८५१ या एकाच वर्षीं दोन महत्त्वाच्या गोष्टी प्रसिद्ध झाल्या. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानें जिवंत मनुष्याच्या डोळ्याच्या आंत पाहण्याचें साधन जगापुढें ठेविलें. आणि इटालियन शास्त्रज्ञ आल्फोन्सो कोर्ती यानें अंतःकर्णाच्या शंखांतील, ध्वनि टिपणाऱ्या सूक्ष्म इंद्रियाचें वर्णन केलें. परंतु या दोहोंत मोठा भेद होता. नेत्रवैद्याला रोगी समोर बसवून डोळ्याच्या बाहुलींतून आंत डोकावतां येत होतें. अंतःकर्ण मात्र अत्यंत कठीण हाडाच्या पेटींत दडलेला. मृत शरीरांतून काढून सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवल्याखेरीज त्याचें दर्शन नाहीं. पुढें १८५६ च्या सुमारास व्हिएन्ना येथील एडुआर्ड येगर यानें मधुमेह्याच्या डोळ्यांतील विकृतीचें वर्णन केलें, आणि १८५७ मध्यें जोर्दाओ या वैद्यानें मधुमेही रोग्याला आलेल्या बहिरेपणाची हकीकत पॅरिसच्या एका वैद्यकीय नियतकालिकांत दिली. दोन्ही तक्रारी जणूं एकाच वेळीं दारांत आल्या; डोळ्याची माजघरांत घेतली गेली, कानाची ओटीवरच राहिली.

याला आणखी एक कारण झालें. त्या काळीं तरुण मधुमेही थोड्याच वर्षांत दगावत. सावकाश उमटणारे उपद्रव दिसावयास तितकें आयुष्यच उरत नसे. जानेवारी १९२२ मध्यें टोरोंटो येथें एका चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोंचण्यांत आलें, आणि हें चित्र पालटलें. मधुमेही वर्षानुवर्षें जगूं लागले आणि त्यांच्या मूत्रपिंडांची, डोळ्यांची व पायांची काळजी वैद्यांस वाहावी लागली. कान मात्र याही वेळीं मागें राहिला. कारण रोगी उतारवयास पोंचला, कीं त्याचें ऐकूं न येणें वयाच्या खात्यावर मांडलें जाई.

१९६१ मध्यें यॉर्गेन्सन या डॅनिश संशोधकानें मृत मधुमेह्यांचे अंतःकर्ण तपासले, तेव्हां शंखाच्या भिंतींतील केशवाहिन्या जाड झालेल्या दिसल्या. ज्या पट्ट्यांत या वाहिन्या असतात, तो कानाचा विद्युद्घटच होय. त्याचा रक्तपुरवठा उणावला, कीं ध्वनि टिपणाऱ्या केशपेशी मंदावतात. श्रवणतंतूसही इजा पोंचते. मनुष्याच्या या पेशी एकदां नष्ट झाल्या, कीं पुन्हां उगवत नाहींत.

अखेर २००८ सालीं वयाची सबबही उरली नाहीं. अमेरिकेंत १९९९ ते २००४ या काळांत २० ते ६९ वर्षांच्या ५,१४० स्त्रीपुरुषांची श्रवणपरीक्षा घेण्यांत आली होती. खालच्या व मधल्या स्वरांचें श्रवण मधुमेह्यांपैकीं शेंकडा २१ जणांत उणें आढळलें, इतरांत शेंकडा ९ जणांत. उंच स्वरांच्या बाबतींत हें प्रमाण ५४ व ३२ असें होतें. वय, गोंगाट इत्यादि कारणें वजा घातलीं, तरी हा फरक कायम राहिला.

उंच स्वर प्रथम जातात, यांतच या व्याधीचा कपटीपणा आहे. हांक ऐकूं येते, परंतु ‘स’, ‘श’, ‘फ’ हीं अक्षरें निसटतात. शांत खोलींत संभाषण चालतें, लग्नघरांत मात्र शब्दांचा नुसता गलबला होतो. रोग्याला वाटतें, लोक पुटपुटतात. लोकांस वाटतें, हा लक्ष देत नाहीं. दोघांचाही दोष नसतां मनें दुरावतात.

म्हणून मधुमेह्याचे डोळे, मूत्र व पाय यांजबरोबर कानही तपासून घ्यावे. रक्तांतील साखर ताब्यांत ठेवावी, मोठ्या गोंगाटापासून जपावें आणि गरज पडल्यास श्रवणयंत्र लावण्यांत कमीपणा मानूं नये. चष्म्याला कोणी लाजत नाहीं. १८५७ सालीं दारांत आलेली ती तक्रार आतां तरी घरांत घेतली पाहिजे. रेडिओचा आवाज वाढविणाऱ्या वडीलधाऱ्यांवर रागावण्यापूर्वीं घरच्यांनीं त्यांच्या जवळ जाऊन, समोर बसून, सावकाश एवढेंच विचारावें, कीं कान कधीं तपासले होते?