‘काहून?’ : न्याय, कारण आणि यंत्र

(अमरावती येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषयाचं नाव जरा भारदस्त आहे : ‘न्यायक्षेत्रातली स्पष्टीकरणक्षम आणि जबाबदार कृत्रिम बुद्धिमत्ता’. निमंत्रण आलं तेव्हा मी संयोजकांना म्हटलं, अहो, मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. मला कम्प्युटर सुरू करता येतो आणि बंद करता येतो. ते म्हणाले, सर, तुम्ही इतिहासाच्या अंगानं बोला. म्हणून हे धाडस करतो आहे.

सुरुवात घरातल्या गोष्टीनं करतो. माझा एक धाकटा चुलतभाऊ दर्यापूरकडं, खारपाणपट्ट्यात शेती करतो. काही वर्षांपूर्वी एका योजनेच्या यादीत त्याचं नाव आलं नाही. धुऱ्याला धुरा लागून असलेल्या शेजाऱ्याचं आलं. जमीन तेवढीच, पीक तेच, कागद तेच. हा तीनदा कार्यालयात जाऊन आला. तिन्ही वेळा एकच उत्तर : ‘यादी कम्प्युटरनं काढली, आमच्या हातात काही नाही.’ घरी येऊन तो मला म्हणाला, ‘भाऊ, नाई म्हनलं त्याचं काई नाई. पन काहून नाई म्हनलं, थे तं सांगा!’

पुण्याकडचे लोक ‘का’ म्हणतात, आपण ‘काहून’ म्हणतो. आजचं माझं सगळं व्याख्यान या एका शब्दावर आहे. कारण माझ्या भावानं जे मागितलं, तेच मागणं न्यायाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा उभं राहिलेलं दिसतं.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांपासून पाहू. धर्मशास्त्रात निकालाच्या कागदाला ‘जयपत्र’ म्हणतात. नाव जिंकणाऱ्याच्या बाजूचं आहे, पण त्यात काय लिहावं ते बघा : वादीचं म्हणणं, प्रतिवादीचं उत्तर, पुरावा, आणि मग निर्णय. म्हणजे हरणाऱ्याचं म्हणणंही त्याच कागदावर नोंदलं गेलं पाहिजे. बृहस्पतीच्या नावावरच्या स्मृतीत तर असं सांगितलं आहे की नुसत्या शास्त्राच्या आधारानं निर्णय देऊ नये. युक्ती नसलेल्या विचारानं धर्माचीच हानी होते. युक्ती म्हणजे चलाखी नव्हे बरं का. युक्ती म्हणजे तर्क, कारणमीमांसा.

मराठेशाहीत हेच निवाडपत्रांत आणि महजरांत दिसतं. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर केलेलं संशोधन १९५३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं छापलं. जिज्ञासूंनी ते जरूर पाहावं. सभेला कोण कोण हजर होतं त्यांची नावं, मग अग्रवादीची तकरीर, मग पश्चिमवादीची तकरीर, साक्षी, जुने कागद, आणि शेवटी निवाडा. खाली खुणा : पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू. हा निवाडा कोणी केला, हे विचारायला जावं लागत नसे. जबाबदारी कागदावर उमटलेली असे.

याचा अर्थ जुना काळ सोन्याचा होता, असा नाही. त्या सभा जातीच्या उतरंडीतल्या होत्या. बाईला आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला तिथं काय स्थान होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. सकारण निवाडा अन्यायाचाही असू शकतो. पण कारण लिहिलेलं असलं की त्या कारणाशी भांडता येतं, वरच्या दाराशी जाता येतं. न लिहिलेल्या कारणाशी भांडणार कसं?

आणि न लिहिलेलं कारण त्याही काळात होतंच. त्याचं नाव ‘दिव्य’. रवादिव्याची पद्धत अशी : उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा, म्हणजे रवा, हातानं काढायचा. हात आधी तपासून ठेवायचे, नंतर पिशवीत बांधून मोहर करायची, ठरल्या दिवशी पिशवी सोडून पाहायचं. हात भाजला तर खोटा, नाही भाजला तर खरा. सारं अगदी शिस्तीत. फक्त ‘काहून’ला उत्तर नाही. देवानं सांगितलं, संपलं.

आता शास्त्रकारांनी या दिव्याचं काय केलं ते पाहा. ते त्यांनी नाकारलं नाही, पण त्याला कुंपण घातलं. याज्ञवल्क्य म्हणतो, लेख, भोगवटा आणि साक्षीदार ही प्रमाणं; यांतलं काहीच नसेल तरच दिव्य. आधी माणसाला कळेल असा पुरावा, आणि तो पूर्ण संपला की मगच न कळणारा. हा क्रम लक्षात ठेवा. पुढं आपल्याला तो लागणार आहे.

दुसरं उदाहरण अमरावतीला जवळचं आहे. १९०८ साली ‘केसरी’तल्या लेखांवरून लोकमान्य टिळकांवर मुंबईत राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरी नऊ जणांची. सात जण म्हणाले दोषी, दोन म्हणाले निर्दोष. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. त्या सातांना लोकमान्य दोषी का वाटले? ज्यूरीला कारण द्यावं लागत नाही. एक शब्द बोलायचा आणि घरी जायचं. आपल्या अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे त्या अपिलाच्या कामासाठी विलायतेला गेले, तिथं दीर्घकाळ राहिले. प्रिव्ही कौन्सिलनं दाद दिली नाही. न्यायाधीशानं ज्यूरीला काय समजावून सांगितलं, त्यावर वाद घालता येत होता. पण त्या सात जणांच्या मनात काय होतं, त्यावर जगातला कोणताही वकील वाद घालू शकत नव्हता.

पुढं १९५९ मध्ये नानावटी खटल्यात उलटं झालं. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक अशा मतानं ‘निर्दोष’ म्हटलं. न्यायाधीशाला ते पटलं नाही, त्यानं प्रकरण उच्च न्यायालयाकडं पाठवलं, आणि तिथं पुरावा एकेक करून तपासून, कारणं देऊन निकाल फिरला. सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये तो कायम केला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर ज्यूरीला जागाच उरली नाही.

आज आपल्या कायद्यात काय आहे? दिवाणी प्रक्रिया संहितेचा विसावा आदेश सांगतो की निकालपत्रात दाव्याची हकिकत, मुद्दे, त्यांवरचा निर्णय आणि निर्णयाची कारणं हवीत. फौजदारीतही तसंच; २०२३ च्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ३९३व्या कलमात आहे. वकील मंडळी अशा आदेशाला ‘स्पीकिंग ऑर्डर’ म्हणतात. बोलका आदेश. क्रांती असोसिएट्सच्या प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालय आणखी पुढं गेलं. नुसती कारणं असून भागत नाही, ‘रबरी शिक्क्याची’ कारणं ही कारणंच नव्हेत, असं त्यांनी म्हटलं.

इथं माझ्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर जागा होतो. आपल्या न्यायदर्शनात याला फार नेमका शब्द आहे : हेत्वाभास. हेतूसारखं दिसतं, पण हेतू नसतं. नैयायिक पाच अवयव सांगतात : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. त्यांतला उपनय हा विद्यार्थी नेहमी विसरायचे. उपनय म्हणजे सामान्य नियम ‘या’ प्रकरणाला कसा लागतो, ते दाखवणं. इथून जवळच्या रिद्धपूरची महानुभावांची परंपरा आठवा. केसोबासांच्या ‘दृष्टान्तपाठा’त आधी सूत्र, मग दृष्टान्त, आणि मग दार्ष्टान्तिक, म्हणजे तो दृष्टान्त सूत्राला कसा लागू पडतो याचा उलगडा. आंधळे आणि हत्तीची गोष्ट नुसती सांगून ते थांबत नाहीत.

आता यंत्राकडं येऊ. जुन्या पद्धतीचा संगणक माणसानं लिहिलेले नियम पाळायचा. त्याला ‘काहून’ विचारलं तर निदान नियम दाखवता येई. आजची यंत्रं तशी नाहीत. त्यांना जुनी लाखो उदाहरणं दाखवतात आणि ती स्वतः आपल्या आतल्या आकड्यांची जुळणी करत जातात. ते आकडे कोट्यवधी असू शकतात. त्यांत ‘अमुक कारणानं अमुक’ अशी ओळ कुठंच लिहिलेली नसते. म्हणजे कारण लपवलेलं आहे असं नेहमीच नसतं. ते आपल्याला वाचता येईल अशा रूपात नसतंच.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात हा प्रश्न न्यायालयात आला. आरोपी पुन्हा गुन्हा करील का, याचा अंदाज देणारी ‘कॉम्पास’ नावाची प्रणाली शिक्षा ठरवताना वापरली गेली. आरोपी लूमिस म्हणाला, हा अंदाज कसा काढला ते मला सांगा. उत्तर आलं, ते कंपनीचं व्यापारी गुपित आहे. २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं वापराला परवानगी दिली, पण इशाऱ्यांसह, आणि शिक्षा केवळ त्यावर ठरवू नये असं बजावून. त्याच वर्षी ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेनं फ्लोरिडातल्या एका परगण्यातल्या नोंदी तपासल्या. ज्यांनी पुढं गुन्हा केलाच नाही, त्यांच्यात ‘जास्त धोका’ असा शिक्का बसण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा काळ्यांत जवळजवळ दुप्पट निघालं. कंपनीला तो निष्कर्ष मान्य नव्हता. वाद अजून संपलेला नाही. पण ज्याला तुरुंगात जायचं होतं, त्याच्या हाती फक्त एक आकडा आला होता.

मग शास्त्रज्ञ म्हणाले, आपण यंत्राकडून स्पष्टीकरण काढू. ‘लाइम’ ही पद्धत २०१६ मधली. माहितीत थोडाथोडा बदल करायचा आणि उत्तर कशानं हलतं ते पाहायचं. उपयोगाची युक्ती आहे, मी कमी लेखत नाही. पण त्यातून कळतं ते एवढंच की यंत्रानं कशाला वजन दिलं. त्याला वजन देणं योग्य होतं का, हे कळत नाही. आणि बाहेरून लावलेलं स्पष्टीकरण आतल्या व्यवहाराशी जुळतंच असंही नाही. तिथं हेत्वाभासाला जागा आहे. म्हणून सिंथिया रुडिन या विदुषींनी २०१९ मध्ये स्पष्ट मांडलं की माणसाचं आयुष्य ज्यावर ठरतं, तिथं बंद पेटीला मागाहून स्पष्टीकरण चिकटवू नका. मुळातच वाचता येईल अशी प्रणाली वापरा.

आपल्याकडं काय चाललंय? विदर्भाचा यात मोठा वाटा आहे. नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश असताना २०१९ मध्ये निकालांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ आणि २०२१ मध्ये कागदपत्रांतून माहिती शोधण्यासाठी ‘सुपेस’ आलं. निर्णय मात्र यंत्राकडं जाणार नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. आपल्या अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश होण्याच्या थोडं आधी, मार्च २०२५ मध्ये, नैरोबीत बोलले. यंत्रं खोटे दाखले रचतात, हा धोका त्यांनी सांगितला, आणि माणसाची भावना व नैतिक विचार नसलेल्या यंत्राला वादातली गुंतागुंत उमगेल का, असा प्रश्न केला. जुलै २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं आपल्या जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं : निर्णयासाठी या साधनांचा वापर नको.

आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयानं एक आयकर आकारणी रद्द केली. आदेशात ज्या निवाड्यांचा आधार दिला होता, ते निवाडे अस्तित्वातच नव्हते! न्यायालयानं बजावलं की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात यंत्रणेनं दिलेलं उत्तर पडताळल्याशिवाय वापरू नका. लक्षात घ्या, तो आदेश मुका नव्हता. बोलका होता, दाखल्यांसकट होता. मुकं यंत्र एक वेळ परवडलं. खोटी कारणं सफाईनं बोलणारं यंत्र ओळखायला अवघड.

तेव्हा इतिहासातून आपण काय घ्यायचं? यंत्राला हाकलून द्या, असं मी म्हणत नाही. खटले किती तुंबले आहेत, हे अकोल्या-अमरावतीच्या कोर्टाच्या आवारात तासभर बसलं तरी कळतं. भाषांतराला, कागद शोधायला, तारखा लावायला यंत्र जरूर घ्या. पण दिव्याला जे कुंपण होतं, ते यालाही हवं. आधी माणसाला कळणारं प्रमाण. यंत्र वापरलं असेल तर ते दोन्ही पक्षांना आधी सांगितलं पाहिजे. कारण हरणाऱ्याला समजेल अशा भाषेत, म्हणजे आपल्याकडं मराठीत, मिळालं पाहिजे. आणि कागदाखाली कोणाची तरी नांगराची खूण हवी : हे मी ठरवलं, मी वाचलं, मी तपासलं, चुकलं तर मला विचारा. युरोपनं २०२४ च्या आपल्या कायद्यात न्यायदानातल्या अशा यंत्रांना जास्त धोक्याच्या वर्गात टाकलं आहे आणि बाधित माणसाला स्पष्टीकरण मागण्याचा हक्क दिला आहे. आपल्याला तो मुद्दा नवा वाटू नये. आपल्या जयपत्रात तो होताच.

कोणी म्हणेल, न्यायाधीशाच्या मनातलं तरी आपल्याला कुठं दिसतं? खरं आहे. माणूसही आधी ठरवतो आणि मागून कारणं जुळवतो, असं कधी कधी होतं. पण माणसानं कारण लिहिलं की तो त्या कारणाला बांधला जातो. उद्या तसंच प्रकरण आलं तर त्याला तेच लावावं लागतं, नाहीतर फरक सांगावा लागतो. वरचं न्यायालय त्याला विचारू शकतं. यंत्राला कोण विचारणार? विचारायचं ते यंत्र वापरणाऱ्यालाच, आणि त्यानं ‘आमच्या हातात काही नाही’ म्हणून हात झटकायचे नाहीत.

माझ्या भावाची गोष्ट पुरी करतो. चौथ्या खेपेला त्याला एक तरुण कारकून भेटला. त्यानं खुर्ची दिली, पडदा फिरवून दाखवला. सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक होता. बस. पैसे त्या वर्षी मिळाले नाहीतच. मुदत गेली होती. पण घरी येऊन तो म्हणाला, ‘आता समजलं भाऊ. आता दुरुस्त करतो.’

त्या पोरानं खुर्ची दिली आणि पडदा फिरवला. न्यायालयात येणाऱ्या यंत्रांकडून आणि ती चालवणाऱ्यांकडून माझी एवढीच अपेक्षा आहे.