द्वारकेच्या चौकांतील चिनी खाणें

नाशिक शहरांत द्वारका नांवाचा एक चौक आहे. मुंबई-आग्रा महामार्गास पुण्याकडून येणारा रस्ता येथें मिळतो. पुराणांतील द्वारका समुद्रानें गिळली. ही द्वारका दिवसरात्र वाहनांच्या धुरांत व कर्ण्यांच्या आवाजांत बुडालेली असते. गोदाकांठचें दर्शन आटोपून निघालेला यात्रेकरू, नाशिकरोडच्या स्टेशनाकडे जाणारा नोकरदार, पिंपळगांवच्या बाजारांत टोमॅटो विकून परतणारा शेतकरी आणि पुण्याच्या गाडीची वाट पाहणारा विद्यार्थी हे सर्व येथें घटकाभर थांबतात. आणि जेथें माणूस थांबतो तेथें त्याला भूक लागतेच.

गेल्या हिवाळ्यांत एका व्याख्यानाच्या निमित्तानें आम्ही नाशकास गेलों होतों. परतीच्या गाडीस अवकाश होता, म्हणून बरोबरच्या दोघां तरुण पदवीधरांनीं आम्हांस या चौकाजवळच्या एका लहानशा चायनीज दुकानांत नेलें. चार टेबलें, बसावयास बांकें, भिंतीवर रंगानें काढलेला एक अजगरासारखा प्राणी आणि दाराशींच मोठ्या आंचेची शेगडी. आचारी नेपाळांतला, मालक निफाडकडचा. पत्रकावर हक्का नूडल्स, शेजवान राईस, मंच्युरियन अशीं नांवें स्वच्छ देवनागरींत छापलेलीं होतीं. शंभराची नोट मोडली तर कांहीं परत मिळावें, अशा बेताचे दर. आमच्या बांकावर एक रिक्षावाला, एक कारकून आणि बारावीच्या शिकवणीहून आलेल्या दोन मुली अशी मंडळी होती.

खाणें येईपर्यंत आम्हीं मालकास सहज विचारलें, "येथें कधीं कोणी चिनी मनुष्य येतो काय?"

तो हंसून म्हणाला, "सर, खरा चिनी माणूस मी अजून डोळ्यांनीं पाहिलेला नाहीं."

त्याच्या या उत्तरांत विनोद होता. पण गाडींत बसल्यावर तेंच वाक्य आमच्या मनांत घोळूं लागलें. पाटीवर एका देशाचें नांव, आणि त्या देशाच्या माणसाचा मागमूस नाहीं, असें कां व्हावें? या प्रश्नाचा विचार करूं लागतांच दुसरा एक प्रश्न उभा राहिला: त्या बांकावर आम्ही सर्व जण शेजारीं शेजारीं बसलों, तें तरी कधींपासून शक्य झालें?

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आधीं पाहूं. १४ ऑक्टोबर १८९० रोजीं पुण्यांतील पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळी एका सभेस गेलीं. तेथें चहा व बिस्किटें पुढें आलीं. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हातीं धरला. पुढें गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करविलीं आणि पुण्यांत मोठें ग्रामण्य माजलें. न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक या दोघांचींही नांवें त्यांत होतीं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी झाली, आणि रानड्यांसारख्या पुरुषास १८९२ मध्यें प्रायश्चित्त घ्यावें लागलें. एका पेल्याचें हें मोल! जे उच्चवर्णीय होते त्यांची ही कथा. ज्यांना विहिरीवर पाणीही मिळत नव्हतें, त्यांच्यासाठीं चहाच्या दुकानांत कपही वेगळा ठेवलेला असे. याच नाशकांत २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी तो पुढें कित्येक वर्षें लढवीत राहिले. द्वारकेच्या चौकापासून तें मंदिर फार दूर नाहीं.

अशा समाजांत बाहेर खाणें ही नुसती चैन नव्हती, ती एक शंका होती. कोणीं रांधलें, कोणीं वाढलें, शेजारीं कोण बसला आहे, हे प्रश्न पहिल्या घांसाच्या आधीं येत. इराण्याच्या हॉटेलानें आणि गिरणगांवांतील खाणावळींनीं ते प्रश्न हळूहळू बोथट केले. मात्र या चिनी गाड्यांनीं एक विशेष गोष्ट केली. खाणें कोणत्याच जातीचें नव्हतें. भाकरीला घर आहे, पुरणपोळीला घर आहे, सुक्या बोंबलालाही घर आहे. पण नूडल्सना आपल्याकडे घर नव्हतें, म्हणून त्यांच्यासमोर सगळेच सारखे परके झाले. एका बांकावर बसल्यानें जातिभेद नाहींसा झाला असें म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाहीं. घरच्या पंक्तीची गोष्ट अजून निराळीच आहे. तथापि जें पंचहौदच्या पेल्यानें झालें नाहीं, त्यांतील थोडेंफार या प्लेटनें केलें, हें मान्य करणें भाग आहे.

आतां पहिला प्रश्न. तंतुरूप खाणें आपणांस नवीन नाहीं. उन्हाळ्यांत खाटेवर वाळत घातलेल्या शेवया ज्यांनीं लहानपणीं राखल्या आहेत, त्यांस तें सांगावयास नको. चीनमध्यें या प्रकाराचा पुरावा फार जुना आहे. तेथील लाजिया या उत्खननस्थळीं उपडें पडलेलें एक मातीचें भांडें सांपडलें, आणि त्याखालीं सुमारें ४००० वर्षांपूर्वींच्या, भरडधान्याच्या पिठाच्या नूडल्स शिल्लक होत्या, असें संशोधकांनीं २००५ मध्यें जाहीर केलें. म्हणजे वस्तु ओळखीची होती. चव मात्र परकी होती, आणि ती चव माणसांबरोबर आली.

चिनी माणसें महाराष्ट्रांत आलीं तीं प्रथम बेड्या घालून. इंग्रजांच्या पूर्वेकडील वसाहतींतून हद्दपार केलेले चिनी व मलायी कैदी महाबळेश्वरच्या तुरुंगांत ठेवीत असत. त्यांनीं तेथें रस्ते केले, बटाटे व विलायती भाज्या पिकविल्या. १८६४ मध्यें तो तुरुंग बंद झाला. परंतु ज्या धबधब्याच्या वरच्या अंगास त्यांचे मळे होते त्याला लोक आजही चायनामन फॉल म्हणतात. महाबळेश्वरास जाऊन तो धबधबा पाहणाऱ्या शेंकडों कुटुंबांपैकीं तो चिनी मनुष्य कोण होता, असें विचारणारें कुटुंब आम्हांस तरी भेटलेलें नाहीं.

स्वखुशीनें आलेल्या चिन्यांची मुख्य वस्ती कलकत्त्यास झाली. अठराव्या शतकाच्या अखेरच्या काळांत टाँग अछ्यू नांवाच्या व्यापाऱ्यास वॉरन हेस्टिंग्जनें बजबजजवळ जमीन दिली. त्यानें तेथें साखरेचा कारखाना काढला, आणि त्या गांवास अछिपूर हें नांव पडलें. पुढें कँटनकडील लोक सुतारकामांत, हुपेकडील लोक दांतांच्या वैद्यकींत, आणि हक्का लोक चामड्याच्या धंद्यांत शिरले. हा शेवटचा धंदा त्यांना सुलभ झाला याचें कारणही आपणच होतों. चामड्यास हात लावणें वरच्या जातींनीं विटाळाचें ठरविलें होतें. म्हणून टांग्रा येथें तो धंदा करणाऱ्या परक्यास फारशी स्पर्धा झाली नाहीं. मुंबईस माझगांवच्या गोदीजवळ खलाशी व सुतार चिन्यांची लहानशी वस्ती होती. त्यांनीं १९१९ मध्यें बांधलेलें देऊळ नबाब टँक रस्त्यावर अजून उभें आहे. कुलाब्यास नानकिंग नांवाचें उपाहारगृह एकेकाळीं शौकिनांचें आवडतें ठिकाण होतें.

येथें एका शब्दाकडे वाचकांचें लक्ष वेधावेसें वाटतें. ज्या 'हक्का' शब्दानें द्वारकेंतील विद्यार्थी आपली प्लेट मागवितो, तें कांहीं पाककृतीचें नांव नव्हे; तें या लोकांचें नांव आहे, आणि त्याचा शब्दशः अर्थ 'पाहुणे कुटुंब' असा होतो. चीनमध्येंच उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत गेलेल्या या लोकांस तेथील जुन्या रहिवाश्यांनीं तें नांव दिलें. अतिथीस देव मानण्याची शिकवण मिरविणाऱ्या आपल्या देशांत हे पाहुणे आले, पिढ्यान् पिढ्या राहिले. आणि त्यांचें पुढें काय झालें तें पहा.

२० ऑक्टोबर १९६२ रोजीं चीननें आपल्या सीमेवर आक्रमण केलें. महिन्याभरानें तोफा थंडावल्या. देश अपमानानें होरपळला होता, आणि संताप न्याय्यच होता. पण तो संताप ज्यांच्यावर उतरला ते आक्रमक नव्हते. आसाम व बंगालमधील चिनी वंशाच्या सुमारें ३००० लोकांस, त्यांत वृद्ध व तान्हीं मुलेंही होतीं, पकडून आगगाडीनें राजस्थानांतील देवळीच्या छावणींत नेण्यांत आलें. याच देवळीस पूर्वी ब्रिटिशांनीं जयप्रकाश नारायण व कॉम्रेड डांगे यांस स्थानबद्ध केलें होतें. परक्या सरकारनें बांधलेला कोंडवाडा स्वकीय सरकारनें पुन्हा वापरला. पकडलेल्यांपैकीं पुष्कळांचा जन्म येथलाच होता. कित्येकांच्या आया आसामी, खासी किंवा नेपाळी होत्या. शेंकडों लोकांस जहाजानें चीनला धाडलें, आणि त्यांतील अनेकांनीं तो देश पूर्वी पाहिलाही नव्हता. उरलेल्यांपैकीं शेवटचे लोक १९६७ च्या सुमारास सुटले, तों त्यांचीं घरें व दुकानें लिलांवांत गेलेलीं. जे पकडले गेले नाहींत त्यांनाही परवानगीवांचून आपलें शहर सोडण्याची बंदी होती. आसामांतील माकूम येथील अशा कुटुंबांवर रीता चौधरी यांनीं असमिया भाषेंत कादंबरी लिहिली, ती २०१० मध्यें. म्हणजे जवळजवळ अर्धशतकानंतर.

अमेरिकेनेंही दुसऱ्या महायुद्धांत आपल्या जपानी वंशाच्या सुमारें १२०००० लोकांस असेंच छावण्यांत कोंडलें होतें. पण १९८८ मध्यें कायदा करून तिनें क्षमा मागितली व जिवंत असलेल्यांस भरपाई दिली. आपणांकडे अशी जाहीर क्षमायाचना झालेली नाहीं.

इतिहासाची थट्टा अशी कीं, चिनी मनुष्य येथून जाऊं लागला आणि चिनी खाणें येऊं लागलें. पोटासाठीं कांहीं तरी करणें प्राप्त होतें, आणि उपाहारगृह हा निरुपद्रवी धंदा होता. कलकत्त्यास जन्मलेले नेल्सन वँग मुंबईस आले. १९७५ मध्यें क्रिकेट क्लब ऑफ इंडियांत कोणी तरी 'नवें कांहीं द्या' म्हणाले, तेव्हां आपण कांदा, लसूण व हिरवी मिरची यांत मसाल्याऐवजीं सोयाचा रस घालून कोंबडीचे तुकडे दिले आणि त्यास मंच्युरियन म्हटलें, असें ते स्वतः सांगत. मंचूरियांत असा पदार्थ कोणास ठाऊक नाहीं. पुढें १९८३ मध्यें मॅगी घराघरांत शिरली, आणि मुलांच्या जिभेस नूडल्सचें वळण लागलें. मग मोठीं हॉटेलें सोडून हें खाणें गाडीवर उतरलें.

तें गाडीवर टिकलें याचें कारण त्याच्या कृतींतच आहे. नूडल्स आधीं उकडून, तेल चोळून ठेवितां येतात. कोबी, गाजर, ढोबळी मिरची सकाळींच चिरून होते. लोखंडी कढई धगधगत्या आंचेवर ठेवली कीं दोन-तीन मिनिटांत प्लेट तयार. जळण थोडें, वेळ थोडा, भाजी स्वस्त. नाशिकसारख्या भाजीच्या जिल्ह्यांत याहून किफायतशीर धंदा कोणता?

चवीचीही अशीच गंमत आहे. 'शेजवान' हें सेचुआन प्रांताच्या नांवाचें आपलें रूप. त्या प्रांताच्या स्वयंपाकाचा जीव म्हणजे जिभेस मुंग्या आणणारें एक फळ. द्वारकेच्या चटणींत तें नसतें. असते ती लाल मिरची व लसूण. आणि मौज अशी कीं, त्या फळाचें सख्खें भावंड कोंकणांत बांगड्याच्या कालवणांत पडतें, तें आपलें तिरफळ! मिरची तर अमेरिकेहून निघून सोळाव्या शतकांतच दोन्ही देशांत पोंचली. इतकें आहे तर परकें कोण आणि आपलें कोण?

हा प्रश्न मनांत असतांना आम्हांस टोरोंटोची आठवण होते. कलकत्ता सोडून गेलेलीं अनेक हक्का कुटुंबें कॅनडांतील या शहरीं स्थायिक झालीं. तेथें त्यांनीं उपाहारगृहें काढलीं, आणि त्यांत तीं विकतात काय? चीनमधील खाणें नव्हे, तर हिरव्या मिरचीचें, मंच्युरियनचें, आपल्या जिभेचें खाणें. ज्यांना आपण परके म्हटलें, ते आपली चव बरोबर घेऊन गेले, आणि परदेशीं ती जपीत आहेत.

द्वारका म्हटली कीं मराठी मनास सुदाम्याचे पोहे आठवतात. दरिद्री मित्रानें फडक्यांत बांधून आणलेले मूठभर पोहे. याहून स्वस्त खाणें तें कोणतें? पण त्या कथेंत द्वारकेच्या राजानें पोहे खाल्ले एवढेंच नव्हे; त्यानें सुदाम्यास ओळखलें, उठून सामोरा गेला, त्याचे पाय धुतले. आपण पोहे घेतले, वरून मिरची घालून आवडीनें खाल्ले, आणि सुदाम्यास मात्र देवळीच्या गाडींत बसविलें.

आमचें हें लिहिणें त्या दुकानाच्या मालकास कमीपणा आणण्यासाठीं नव्हे. त्याच्या नूडल्स चविष्ट होत्या, आणि पुन्हा नाशकास गेलों तर आम्ही त्याच बांकावर बसूं. फक्त त्या वेळीं बरोबरच्या तरुणांस 'हक्का' या शब्दाचा अर्थ सांगण्याचा आमचा विचार आहे. तेवढ्यानें देवळीची भरपाई होणार नाहीं. पण आपण कोणाचे पोहे खात आहों, एवढें तरी त्यांना कळेल.