जुन्या ध्वनिमुद्रिका : जतन आणि वारसा

जुन्या घरांच्या कपाटांत वा माळ्यावर सापडणाऱ्या ध्वनिमुद्रिका मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी लाखेच्या मिश्रणाची, जड आणि हातातून पडताच फुटणारी असते. तिच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. विनाइलची लाँग प्ले तबकडी १९४८ साली अमेरिकेत आली. मंद गती व बारीक खाचांमुळे तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत राहू लागले.

भारतातील पहिली ध्वनिमुद्रणे १९०२ साली कोलकात्यात झाली; गौहर जान त्यांतील प्रमुख गायिका. रागाचा दीर्घ विस्तार तीन मिनिटांत बसवण्याचे कसब गायकांनी याच काळात साधले. फोंडा तालुक्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवीही सुमारे साडेतीन मिनिटांचीच आहे. १९७७ साली ती व्हॉयेजर यानांतील सुवर्णलेपित तबकडीवरून अंतराळात गेली. त्या तबकडीसोबत सुई दिलेली असून वाजवण्याची रीत आवरणावर कोरली आहे.

घरातील तबकडी मुलांच्या हाती देतानाही ही रीत सोबत द्यावी लागते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद, तर विनाइलची अतिशय अरुंद असते. म्हणून दोहोंसाठी वेगळी सुई लागते. चावीच्या ग्रामोफोनवर विनाइल लावल्यास जाड पोलादी सुईने खाचा कायमच्या खरवडल्या जातात. ग्रामोफोनची पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलावी. लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये, कारण त्यात लाख विरघळते. तबकड्या कडेने धराव्यात, उभ्या ठेवाव्यात आणि उन्हापासून दूर ठेवाव्यात. कोकण-गोव्याच्या दमट हवेत कागदी वेष्टने ओलावा धरतात व बुरशी येते. पावसाळ्यानंतर ती तपासून बदलावीत.

योग्य सुईने एकदा संगणकावर नक्कल करून घेतल्यास मूळ तबकडीची झीज थांबते. त्या वेळी मध्यभागी चिकटवलेल्या कागदावरील गायकाचे नाव, राग, कंपनी व क्रमांक नक्कलेसोबत नोंदवावेत. हे काम घरातील मुलांकडे सोपवणे उत्तम. नोंद करताना नावे त्यांच्या परिचयाची होतात आणि कोणते गाणे कोणी, केव्हा आणले, हे सांगणारे आजी-आजोबा शेजारी असतील, तर त्या आठवणीही त्याच वहीत उतरतात.