प्रयोगशाळेतील उंदीर : निवास आणि वर्तन

संशोधनासाठी पाळलेल्या उंदरांचे आरोग्य व वर्तन पिंजऱ्यातील परिस्थितीवर अवलंबून असते. रायगड जिल्ह्यातील खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग-संशोधन केंद्रात असे उंदीर पाळले जातात. भारतात त्यांच्या निवासावर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये नेमलेल्या समितीची देखरेख असते.

तापमान हा कळीचा मुद्दा. उंदराला सुमारे ३० अंश सेल्सिअस सुखावते, पण प्राणिगृहे बहुधा २० ते २४ अंशांवर ठेवतात, म्हणजे माणसाच्या सोयीने. अंग गरम ठेवण्यात उंदराची बरीच ऊर्जा खर्च होते आणि गाठींच्या वाढीसारखे निष्कर्षही बदलू शकतात. कागदाच्या पट्ट्या दिल्या की तो घरटे विणतो. ही सोय चैनीची नव्हे, गरजेची आहे.

ओक्याबोक्या पिंजऱ्यात गज चावत राहणे, त्याच त्या उड्या मारणे अशी वर्तने वाढतात. माद्या एकत्र नांदतात. नर, विशेषतः पिंजरा धुतल्यावर, भांडतात. अशा वेळी जुने घरटे नव्या पिंजऱ्यात ठेवल्यास ओळखीचा वास टिकतो व मारामाऱ्या कमी होतात. शेपटीऐवजी नळीतून वा ओंजळीत उचललेले उंदीर कमी भेदरतात, हे २०१० मध्ये जेन हर्स्ट व रेबेका वेस्ट यांनी दाखवले.