जंजिऱ्याच्या कातळाहून जुने

मुरुडात इतिहासाची गोष्ट निघाली की डोळ्यांपुढे प्रथम जंजिरा उभा राहतो. सिद्दीचा अंमल, समोरचा पद्मदुर्ग, १६८२ साली संभाजीराजांनी समुद्रात सेतू घालण्याची केलेली शर्थ, एवढे आठवले म्हणजे आपण फार मागे गेलो असे आपल्याला वाटते. परंतु हा किल्ला ज्या कातळावर उभा आहे त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे आहे. आणि जीवसृष्टीच्या हिशेबात तो कातळही कालचाच ठरतो. जीवसृष्टीचे वय साडेतीनशे कोटी वर्षांच्या घरातले. ते एक रुपया धरले, तर आपला हा काळा दगड शेवटच्या दोन पैशांतला आहे.

हा दगड लाव्हारसाचा. तप्त रसात जीवांच्या खुणा कशा राहणार? लाव्ह्याच्या दोन लोटांमधल्या शांत काळात मात्र तळी साचली. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच गाळातून इवल्या बेडकांचे अवशेष निघाले आणि १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन केले. पण बेडूक हा या बखरीच्या अखेरच्या पानांतला प्राणी. आरंभाची पाने पाहायची तर लाव्ह्याचे पांघरूण जेथे संपते तेथे, म्हणजे सह्याद्रीपलीकडे बेळगावच्याही पूर्वेस, कलादगीच्या मुलखात गेले पाहिजे. १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेला हा प्रदेश आज कर्नाटकात आहे. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी ‘दक्षिण मराठा मुलखा’च्या भूरचनेवरील आपल्या १८७६ च्या ग्रंथात तेथील खडकांचे वर्णन केले आहे.

तेथील शंभर कोटी वर्षांहून जुन्या चुनखडीत चिरलेल्या कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. उथळ पाण्यात सूक्ष्म जीवाणूंचा बुळबुळीत थर पसरे, त्यावर गाळ व चुना बसे, आणि उजेडासाठी जीवाणू पुन्हा वर सरकत. असे थरावर थर चढत गेले.

१८५९ साली डार्विनला एक कोडे छळत होते: अतिप्राचीन खडक जीवाश्मांवाचून रिकामे का? ते रिकामे नव्हतेच. त्यांतले जीव डोळ्यांना दिसत नव्हते. १९५४ साली टायलर व बारघूर्न यांनी कॅनडातील गनफ्लिंट खडकाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वीचे जीव दिसले. त्याच दशकात ऑस्ट्रेलियातील शार्क उपसागरात असे थर आजही वाढताना आढळले. त्याच खंडातील पिलबारा भागातले थर तर ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

या क्षुद्र जीवांचे आपल्यावर ऋण केवढे! त्यांच्यातील नीलहरित जीवाणूंनी सूर्यप्रकाशाच्या बळावर प्राणवायू सोडला. प्रथम तो समुद्रातल्या लोहाने गिळला. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साचू लागला. आपण घेतो तो प्रत्येक श्वास त्या पुंजीतला आहे. ओहोटीला खडकावर पाय घसरवणाऱ्या बुळबुळीत थरातही त्यांचे वंशज असतात.

जुनी दप्तरे रद्दीत गेली की आपण हळहळतो. बागलकोटच्या परिसरात चुनखडी खणून सिमेंटच्या भट्टीत जाते. तिच्यातील जीवांची लिपी एकदा जळाली की दुसरी प्रत मिळायची नाही. सिमेंट नको असे कोण म्हणेल? पण चितोडगडाजवळ भोजुंदा येथे असेच थर राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून राखले आहेत. किल्ल्याच्या एका चिऱ्यासाठी जागरूक असणाऱ्या आपण, त्या चिऱ्याहून कितीतरी जुन्या या लेखांसाठीही शब्द टाकला पाहिजे.