मिशनच्या शाळा आणि समतेची कसोटी

मराठी मुलखात जात, लिंग आणि धर्म न पाहता मुलांना एका वर्गात बसवण्याचा पहिला सातत्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती मिशनच्या शाळांनी केला. पुणे शहरात त्याचे परिणाम लवकर दिसले. शहराच्या दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला पसरलेल्या भोर आणि वेल्ह्याच्या मावळात तो प्रयत्न उशिरा आणि तुटकपणे पोचला. या शाळांना धर्मप्रसार करायचा होता, हे त्यांनी कधी लपवले नाही. त्यांच्या समतेचा इतिहास या हेतूपासून वेगळा काढता येत नाही आणि त्या हेतूमुळे त्याचे मोलही कमी होत नाही.

स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्ये कोकणात बाणकोटला उतरले आणि पुढच्या दशकात पुण्यात आले. पेशवाई नुकतीच बुडाली होती. कंपनी सरकारने १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. दक्षिणा फंडाच्या पैशावर चालणारी ही पाठशाळा ब्राह्मणांपुरती होती. अशा शहरात माळ्याच्या मुलाला इंग्रजी शिकता येईल अशी जागा म्हणजे मिशनची शाळा. जोतीराव फुले १८४१ मध्ये तिथे दाखल झाले. त्याआधी वडील गोविंदराव यांनी लोकांच्या सांगण्यावरून त्यांचे शिक्षण थांबवले होते. शेजारचे गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांचे मन वळवले, तेव्हा मुलगा पुन्हा शाळेत गेला. सदाशिव बल्लाळ गोवंडे आणि मोरो विठ्ठल वाळवेकर हे जोतीरावांचे ब्राह्मण मित्र याच विद्यार्थिदशेतले. १८४७ मध्ये शिक्षण संपले आणि पुढच्याच वर्षी भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली, तेव्हा हे मित्र सोबत होते. मिशनच्या शाळेने पुण्याला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. धर्मांतर न करताही त्या वर्गातून मिळालेले घेऊन बाहेर पडता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

सगळ्यांना मात्र ते इतके सरळ वाटले नाही. १८३९ मध्ये मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतील पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पारशी समाजाने आपली मुले काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने धर्मांतर केले. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत याला कोर्टाच्या हुकमाने घरी परत पाठवले गेले आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावर मुंबई-पुण्याचा ब्राह्मणवर्ग दुभंगला. असा प्रत्येक बाप्तिस्मा झाला की शाळेचे वर्ग ओस पडत. वर्गात अस्पृश्य मानलेल्या जातीचे मूल येऊन बसले तरीही अनेक ठिकाणी उच्चवर्णीय पालक आपले मूल घरी नेत. काही मिशनऱ्यांनी तडजोड म्हणून महार-मांग मुलांसाठी वेगळ्या शाळा काढल्या. त्या मुलांना त्यातून अक्षरओळख झाली, पण सर्वांनी एकत्र बसण्याचे तत्त्व मागे पडले.

मुलींच्या बाबतीत मिशनचे काम जास्त पक्के होते. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या आणि १८३९ पासून अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. त्या शाळा पाहून फुले प्रभावित झाले. सावित्रीबाईंनी फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले. पुढे फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकात छापला गेला. एका किशोरवयीन दलित मुलीचा असा सडेतोड निबंध त्या काळी छापून येणे ही लहान गोष्ट नव्हती.

सरकारचे धोरण याच सुमारास बदलत होते. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याने खासगी शाळांना अनुदान देण्याची वाट मोकळी केली आणि त्याचा लाभ मिशनच्या शाळांना मोठ्या प्रमाणावर मिळाला. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. प्रकरण इंग्लंडपर्यंत गेले आणि सरकारी खर्चाच्या शाळा सर्व जातींना खुल्या असाव्यात, असे तत्त्व ठरले. तत्त्व कागदावर आले, पण ते गावोगाव पाळले जायला पिढ्या गेल्या.

मिशनच्या आणि चर्चच्या शाळांत आणखी एक भेद होता. त्याकडे मराठी वाचकांचे लक्ष कमी जाते. पुण्याच्या कॅम्पात बिशप्स (१८६४), सेंट मेरीज (१८६६) आणि सेंट व्हिन्सेंट्स (१८६७) या शाळा निघाल्या त्या प्रामुख्याने युरोपियन आणि युरेशियन मुलांसाठी. शहरात देशी ख्रिस्ती, ब्राह्मण आणि माळी मुले मिशनच्या बाकावर शेजारी बसत, तर मैलभर अंतरावर त्याच धर्माच्या शाळांत वर्णावरून वाटणी होती. देशी मुलांसाठी या शाळांची दारे पुढच्या काळात हळूहळू उघडत गेली.

एकत्र बसण्यापेक्षा एकत्र खाणेपिणे अवघड होते. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींपुढे चहा ठेवला गेला. त्यांत रानडे, टिळक, गोखले होते. कोणी चहा घेतला, कोणी फक्त पेला हातात धरला. गोपाळराव जोशी यांनी ही नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांच्या आयोगापर्यंत गेले. रानड्यांसारख्या सुधारकाग्रणीलाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावे लागले. रानड्यांसारख्या न्यायाधीशाला पेलाभर चहाची अशी किंमत मोजावी लागत असेल, तर वसतिगृहात एका पंगतीला बसणाऱ्या गरीब मुलामुलींच्या घरच्यांवर किती दबाव येत असेल, हे ओळखता येते.

या दबावाशी सर्वांत धैर्याने झुंज दिली ती पंडिता रमाबाई यांनी. १८८९ मध्ये मुंबईत उघडलेले त्यांचे शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आले. संस्था ख्रिस्ती बाईची, पण विधवा मुलींना आपापले आचार, सोवळे, स्वयंपाक सांभाळण्याची मुभा होती. धर्मशिक्षण सक्तीचे नव्हते. रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपण होऊन तिथे येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले. रानडे आणि भांडारकर यांचा समावेश असलेल्या सल्लागार मंडळाने राजीनामा दिला आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. सदनात शिकलेल्या गोदूबाई त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. पुढे कर्व्यांनी उभारलेल्या स्त्रीशिक्षणाच्या कामाची एक मुळी अशी एका ख्रिस्ती संस्थेपर्यंत पोचते.

रमाबाईंनी त्यानंतर दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन वसवले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून. संस्थेतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्यांत उच्चवर्णीय विधवा होत्या, तशा अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या आणि आदिवासी मुलीही होत्या. पुण्यातल्या वेगवेगळ्या चुली केडगावात राहिल्या नाहीत. मुली लिहायला-वाचायला शिकत आणि त्याबरोबर छपाई, विणकाम, दुग्धव्यवसाय, तेलघाणा अशी कामेही शिकत. रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकली आणि अंध मुलींसाठी केडगावला स्वतंत्र विभाग सुरू झाला. अपंग मुलीला शिकवता येते, हे त्या काळी फार थोड्यांना पटत होते. म्हणून शिक्षणाच्या इतिहासात या विभागाला आज मिळते त्याहून मोठी जागा मिळायला हवी. मनोरमाबाईंनी पुढे गुलबर्ग्याला ख्रिश्चन हायस्कूल काढले. १९२१ मध्ये त्या गेल्या आणि १९२२ मध्ये रमाबाई.

भोर आणि वेल्ह्याची गोष्ट निराळी होती. हा मुलूख पंत सचिवांच्या भोर संस्थानात होता. संस्थानचे विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे पाच तालुके होते. आजचा भोर तालुका आणि वेल्हे तालुका, ज्याला आता राजगड तालुका म्हणतात, यांचा बराच भाग पहिल्या तीन तालुक्यांत येई. डोंगराळ जमीन, धो-धो पाऊस, भाताची खाचरे, विखुरलेल्या वाड्या. वस्ती मराठा, महार, महादेव कोळी, धनगर आणि कातकरी यांची.

इथे मिशनचे काम आले ते १८९० च्या दशकात, चार्ल्स रीव यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या पूना अँड इंडियन व्हिलेज मिशनमार्फत. या मिशनचे कार्यकर्ते मुख्यतः ऑस्ट्रेलियातून आले. सातारा रस्त्यालगतचे नसरापूर हे त्यांचे एक प्रमुख केंद्र होते. लोणंद, फलटण, पंढरपूर या बाजूलाही त्यांची केंद्रे होती. नसरापूरहून वेल्ह्याकडे रस्ता फुटतो, त्यामुळे तोरणा-राजगडाच्या पायथ्याच्या वाड्यांशी संबंध ठेवायला ही जागा सोयीची होती. मात्र हे मिशन नावाप्रमाणे खेड्यांत फिरून उपदेश करणारे होते. पुण्यात स्कॉटिश लोकांनी केले, तसे मोठे इंग्रजी हायस्कूल उभारणे हा त्याचा मुख्य उद्देश नव्हता. १९६८ मध्ये हे मिशन दुसऱ्या एका मिशनमध्ये मिसळले आणि त्याचे जुने नाव संपले.

संस्थानी प्रदेश असल्याचाही एक परिणाम झाला. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे त्यात म्हटले होते. त्याच वर्षी प्रवेश नाकारणाऱ्या शाळांचे अनुदान बंद करण्याचे धोरणही सरकारने जाहीर केले. भोर हे संस्थान असल्याने इंग्रजी मुलखातील हे नियम तिथे आपोआप लागू झाले नाहीत. शेजारच्या साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. एका छपराखाली आणि एका पंगतीत शिकण्याची जी कल्पना मिशनच्या बोर्डिंगांनी रुजवली होती, ती आता मराठी बहुजन समाजाने स्वतःच्या बळावर उचलली. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये काढलेल्या संस्थेच्या नावातही ‘मिशन’ हा शब्द आहे. डोंगरातल्या मुलांना माध्यमिक शाळेपर्यंत पोचायला वसतिगृहच लागते, हे भोर-वेल्ह्याच्या भूगोलावरून सहज कळते.

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दोन वर्षांनी राज्यघटना लागू झाली. त्यानंतर ख्रिस्ती शाळांचे स्थान कायद्याने ठरले. कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवण्याचा हक्क दिला. कलम २९ ने सरकारी मदत घेणाऱ्या शाळेला केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांवरून प्रवेश नाकारण्यास मनाई केली. कलम २८ ने अनुदानित शाळेत संमतीशिवाय धर्मशिक्षण देता येणार नाही असे ठरवले. रमाबाईंवर ज्या प्रश्नावरून १८९३ मध्ये वादळ उठले होते, त्याला असे घटनात्मक उत्तर मिळाले.

काही गाठी मात्र सुटल्या नाहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. महाराष्ट्रात त्याची गणना इतर मागासवर्गात होते. म्हणजे एकाच वाडीतल्या, एकाच वर्गात बसणाऱ्या दोन मुलांना धर्मावरून वेगळ्या सवलती मिळतात. हा अन्याय आहे आणि तो दूर करण्याची मागणी रास्त आहे. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदाच लागू नसल्याचे ठरवले. २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न सरन्यायाधीशांकडे पाठवला.

भोर-वेल्ह्यातील कातकरी कुटुंबे कामासाठी हंगामी स्थलांतर करतात आणि मुलांची शाळा मध्येच सुटते. केंद्र सरकारने कातकऱ्यांना विशेष दुर्बल आदिवासी गटात धरले आहे. शिक्षणहक्क कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि नववी-दहावीचे वर्ग त्याच्या कक्षेत येत नाहीत. अशा मुलाला माध्यमिक वर्गात घ्यायचे, त्याची राहण्याची सोय करायची आणि त्याला दहावीपर्यंत टिकवायचे, यासाठी ख्रिस्ती शाळेवर हा कायदा कोणतीही सक्ती करत नाही. तो निर्णय शाळेच्या व्यवस्थापनाला स्वतःच घ्यावा लागतो.